गुलाबी पडलेली गाडी

गाडी बघायला आलेला माणूस आमच्याशी फारसं बोललाच नाही. भोपाळात, मिसरोदच्या आमच्या सोसायटीत गाड्या खाली उघड्यावरच लावतात. तिथे त्याने गाडीवरचं फाटकं कव्हर एका हाताने ओढून काढलं, भोवती एक चक्कर मारली आणि बॉनेटवर तळहाताने दोन थापा दिल्या. मग तोच हात वर करून आम्हाला दाखवला. हाताला धूळ लागली होती आणि धुळीत मिसळलेली गुलाबी पूड.

"रंग तो गया, बाबूजी," तो म्हणाला. "अब यह भंगार में ही जाएगी. बोलिए, कब उठवा लूँ?"

माझे सासरे, म्हणजे बाबा, माझ्या शेजारी उभे होते. अंगात स्वेटर, गळ्याला मफलर, हात मागे बांधलेले. गाडी विकायचं घरात ठरलं होतं. माझ्या नवऱ्याने पुण्याहून फोनवर सगळं बोलून ठेवलं होतं आणि बाबांनीही मान डोलावली होती. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. त्या वर्षभरात बाबांनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. भाजी कुठली करू, डॉक्टरकडे आज जायचं की उद्या, खिडकी लावून घेऊ का, सगळ्याला हो. आताही ते हो म्हणणार असंच मी धरून चालले होते.

"नहीं देनी," बाबा म्हणाले.

त्या माणसाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली. "जी?"

"गाड़ी नहीं देनी है. आपको तकलीफ हुई, माफ कीजिए."

एवढं बोलून त्यांनी जमिनीवर पडलेलं कव्हर उचललं आणि एकटेच ते गाडीवर चढवायला लागले. वाऱ्याने ते सारखं फडफडत होतं. मी धावत जाऊन दुसरं टोक धरलं. तो माणूस खांदे उडवून निघून गेला. वर आल्यावर बाबा आपल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. "का पण?" त्याने विचारलं.

गाडी सासूबाईंची होती. छोटी, लाल, पाच दारांची. त्या शाळेत गणित शिकवायच्या. पन्नाशीला आल्यावर त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि शिकल्याही. बाबा कधीच शिकले नाहीत. ते सरकारी खात्यात होते. त्यांचे वडील नागपूरहून कचेरीबरोबर बदलून भोपाळला आले, तेव्हापासून हे कुटुंब इथलंच झालेलं. बाबांनी आयुष्यभर सायकल, मग सिटी बस, आणि मग बायकोच्या शेजारची डावी सीट, एवढाच प्रवास केला. मी लग्न होऊन इंदूरहून इथे आले तेव्हा मला या गोष्टीची फार मजा वाटायची. आई, म्हणजे सासूबाई, गाडी चालवायच्या आणि बाबा मांडीवर पाण्याची बाटली धरून बसायचे. "सायकल येतेय," ते म्हणायचे. "दिसतेय मला," आई म्हणायच्या. घरून निघाल्यापासून पोचेपर्यंत त्यांचं हेच चाललेलं असे.

आई गेल्या आणि घर एकदम गप्प झालं. बाबांचा आणि माझा कधी वाद झाला नव्हता, तसं बोलणंही कधी झालं नव्हतं. आम्ही दोघं आईंमार्फतच एकमेकांशी बोलायचो. "तुझ्या सासऱ्यांना विचार चहा हवा का," असं आई मला सांगायच्या, ते समोर बसलेले असताना. नवऱ्याची नोकरी पुण्याला, माझं कामाचं ऑफिस म्हणजे घरातलं टेबल, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. मी दारापलीकडे कॉम्प्युटरवर हिशेबाचे कागद तपासत बसायचे आणि बाबा अलीकडे पेपर वाचायचे. कधी कधी अख्ख्या दुपारी फक्त पान उलटल्याचा आवाज.

तर तो माणूस येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा खुर्चीत नव्हते. बाथरूममध्ये नव्हते, गॅलरीतही नव्हते. गॅलरीतून खाली बघितलं तर ते पार्किंगमध्ये होते. कव्हर बाजूला गुंडाळून ठेवलेलं, आणि जुन्या बनियनचा बोळा करून ते गाडी खसाखसा पुसत होते. कोरडीच.

मी तशीच चपला घालून खाली गेले. "बाबा, कोरडी नका पुसू. धुळीने चरे पडतील."

"हो का?" ते थांबले. बनियनकडे बघितलं. "मग?"

"आधी धुवायला लागेल."

"मग धुऊ."

आम्ही दोन बादल्या पाणी आणलं. एका बादलीत केस धुवायचा शाम्पू टाकला, कारण दुसरं काही नव्हतं. वर्षभराची धूळ, रस्त्याच्या कामाची सिमेंटसारखी माती, कबुतरांची घाण, शेजारच्या झाडाचा चिकट रस. एकेक थर निघत गेला तशी खालची गाडी दिसायला लागली. आणि खरं सांगायचं तर धुतल्यावर ती आधीपेक्षा वाईट दिसली. दारं थोडी तरी लाल होती. छत आणि बॉनेट उन्हाने पार विटून गेली होती, फिकट गुलाबी, खडूने रंगवल्यासारखी. आमच्याकडचं बोअरिंगचं पाणी जड. जिथे ते वाळलं तिथे पांढरे गोल डाग उठले.

बाबांनी एका डागावर नख घासून बघितलं. "हिला हे चाललं नसतं," ते म्हणाले.

त्या वर्षात आईंचा विषय त्यांनी स्वतःहून काढलेला मला आठवत नव्हता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बाबा, रंग परत आणता येतो. लोक करतात. मी बघते."

मला तेव्हा त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी माझा फोन मधे उभा करून व्हिडिओ बघत बसलो. "दोस्तों," असं म्हणून एक तरुण मुलगा घासायला सुरुवात करायचा आणि बघता बघता गाडी आरशासारखी. बाबा चष्मा लावून पुढे झुकून बघत होते. मधेच त्यांनी विचारलं, "हा घासतोय ते नेमकं काय आहे?"

"कंपाउंड म्हणतात. दंतमंजनासारखं असतं. वरचा मेलेला थर काढून टाकतं, आणि खालचा चांगला रंग वर येतो."

"आणि खालचा रंग संपला तर?"

"तर मग पत्रा दिसेल."

त्यांनी व्हिडिओ परत पहिल्यापासून लावायला सांगितला.

इंद्रपुरीत, मोठ्या सरकारी कारखान्याच्या वसाहतीला लागून, रंगाच्या आणि पॉलिशच्या जुन्या दुकानांची एक ओळ आहे. मी स्कूटरवर जाऊन कंपाउंडचा डबा, त्याहून बारीक पॉलिश, मेण, फोमचे गोल तुकडे, मऊ कापडं आणि कागदी टेप घेऊन आले. दुकानदाराने एवढंच विचारलं, "मशीन से करोगे कि हाथ से?" मी हाताने म्हटल्यावर तो हसला. "फिर तो सर्दी का पूरा मौसम निकल जाएगा, मैडम."

पहिला प्रयोग उजव्या बाजूच्या मागच्या दारावर करायचं ठरलं, जिथे बिघडलं तरी फारसं दिसणार नाही. बाबांनी दाराच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर टेप चिकटवली. टेप चिकटवण्याच्या कामात ते इतके गुंतले की अर्धी सकाळ त्यातच गेली. कचेरीत ते नकाशांच्या विभागात होते, तिथली सवय. टेपची कड सरळ आली नाही की काढून परत लावायचे. शेवटी मी फोमवर वाटाण्याएवढं कंपाउंड घेतलं आणि तळहाताएवढ्या जागेवर गोल गोल फिरवायला लागले.

थोड्याच वेळात फोम लाल झाला. नुसता लालसर नाही, कुंकवासारखा लाल.

"अगं, थांब, थांब!" बाबांनी माझं मनगट धरलं. "रंग निघतोय!"

मी हात मागे घेतला. मला वाटलं, संपलं, आता खाली पत्रा. घाईघाईने मी कापडाने ती जागा पुसली.

खाली पत्रा नव्हता. खाली लाल होता. गडद, ओला वाटावा असा लाल, आणि त्यात समोरच्या इमारतीची गॅलरी, गॅलरीत वाळत घातलेला निळा टॉवेल आणि आमची दोन डोकी स्पष्ट दिसत होती. आजूबाजूला सगळा तो विटलेला रंग आणि मधे एवढीशी चकती.

बाबा वाकले. त्यांनी बोटाने ती चकती हळूच चाचपली. मग बोट उलटं करून बघितलं, काही लागलं का. काही लागलं नव्हतं.

"असाच होता," ते म्हणाले. "बेटा, अगदी असाच रंग होता."

नंतर वाचल्यावर मला कळलं की जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांवर वेगळा पारदर्शक थर नसतो, त्यामुळे मेलेला रंगच कापडावर येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण ते दोन मिनिटांचं घाबरणं बरंच झालं असं मला आता वाटतं. हात धरल्यावर संकोच उरला नाही.

मग रोज सकाळी आम्ही खाली उतरायला लागलो. डिसेंबर होता, थंडी होती, आणि पत्रा तापलेला नसला की काम चांगलं होतं. माझं ऑफिस सुरू व्हायच्या आत एक तुकडा. मी कंपाउंड घासायचे, बाबा मागून बारीक पॉलिश करत यायचे. त्यांचा हात संथ होता आणि एकाच दाबाचा. माझे खांदे भरून यायचे, त्यांचे नाही. सोसायटीतले लोक कामावर जाता जाता थांबायचे. "अंकल, गाड़ी चमका रहे हो?" बाबा मान न वळवता म्हणायचे, "कोशिश चल रही है."

आणि बाबा बोलायला लागले. आधी गाडीबद्दल. मग गाडीत बसून कुठे कुठे गेले त्याबद्दल. आई एकदा त्यांना घेऊन पचमढीला निघाल्या आणि घाटात दोघांचं भांडण झालं. आईंनी गाडी कडेला लावली, उतरल्या आणि एका दगडावर जाऊन बसल्या. "मी म्हटलं चल," बाबा सांगत होते, "तर म्हणते, तुम्ही चालवा. मला येत नाही हे तिला ठाऊक. मग मी पण दुसऱ्या दगडावर बसलो. समोरून माकडं बघताहेत." त्यांना हसू आवरेना. मी बाबांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हातातलं कापड त्यांनी डोळ्यांना लावलं आणि गालावर लाल पट्टा उमटला.

डाव्या बाजूच्या मागच्या दारावर एक लांब चरा होता. जुन्या शहरात, चौकाच्या गल्लीत, भांड्यांच्या हातगाडीला घासून पडलेला. मी त्या दाराशी आले तेव्हा थांबले. मला वाटलं, तो आईंच्या हातचा आहे, राहू द्यावा. तसं मी म्हटलंही.

बाबांनी माझ्याकडे चमकून बघितलं. "राहू द्यावा? अगं, हा चरा काढून आणा म्हणून तिने माझं डोकं खाल्लं होतं. दर रविवारी. मी आज नेतो, उद्या नेतो करत राहिलो. काढ तो. जेवढा निघेल तेवढा काढ."

म्हणून आम्ही तो काढला. पाण्यात भिजवलेल्या अगदी बारीक वॉटर पेपरने, म्हणजे घासायच्या कागदाने, हलके हलके, मग कंपाउंड, मग पॉलिश. तिरपं बघितलं तर शेवटी एक केसाएवढी रेघ उरली. बाबांनी ती तीन बाजूंनी बघितली आणि पास केलं.

बिघडलं ते बॉनेटवर. तोपर्यंत आम्हाला जरा आत्मविश्वास आला होता, आणि बाबांना आता कंपाउंडचा फोम स्वतःच्या हातात हवा होता. बॉनेट मधोमध विभागून मी उजवी बाजू घेतली, त्यांनी डावी. माझी आधी झाली. लाल, चकचकीत. बाबांची बाजू नुकतीच सुरू झाली होती. बॉनेटच्या पुढच्या टोकाला पत्र्याची एक वर आलेली घडी असते. तिच्यावर रंग मुळातच पातळ असतो, तिथे जपून घासायचं असतं. व्हिडिओत सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. पण त्या घडीवर एक पक्ष्याच्या घाणीचा डाग खोल गेला होता आणि तो निघता निघेना. बाबांनी जोर लावला. डाग निघाला. आणि त्याबरोबर बोटाच्या पेराएवढी राखाडी पट्टी उघडी पडली.

त्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांनी फोम बॉनेटवर ठेवला.

"बाबा, काही नाही होत, छोटंसं आहे."

"नाही," ते म्हणाले. "चांगलं चाललं होतं. मी हात घालायला नको होता."

ते वर निघून गेले. दुपारी जेवले. मी भाजीत मीठ बरं आहे ना विचारलं तर मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली चलता का म्हणून विचारायला गेले तर म्हणाले, "तू कर." आणि पेपर उघडला.

मी एकटी उतरले, पण हात चालेना. त्यांची अर्धी बाजू मी पूर्ण केली असती तर ते काम माझं झालं असतं, असं मला उगाच वाटत राहिलं. मग माझ्या कामाचाही तेव्हाच रेटा आला आणि काही दिवस आम्ही दोघंही खाली गेलो नाही. कव्हर तर केव्हाच फाटून निकामी झालं होतं. गाडी तशीच उभी. बॉनेटची एक बाजू लाल, दुसरी गुलाबी, मधे सरळ रेघ.

त्या दिवसांत मी एकदा बॉनेट उघडून आतल्या पट्टीवरचा रंगाचा नंबर टिपून घेतला आणि इंद्रपुरीच्या त्याच दुकानातून तसा रंग मिसळून आणला, नेलपॉलिशच्या बाटलीएवढा. आणून बाबांच्या टेबलावर, चष्म्याच्या घराशेजारी ठेवून दिला. त्यांनी बाटली उचलून बघितली, परत ठेवली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त नर्सबाई राहतात. मोठ्या आवाजाच्या, सगळ्यांशी बोलणाऱ्या. एका संध्याकाळी बाबा दूध घेऊन वर आले ते जरा घुश्शातच.

"खाली त्या बाई काय म्हणाल्या माहीत आहे?"

"काय?"

"म्हणे, भाई साहब, आधी गाड़ी होली खेलने गई थी और आधी घर पे रही क्या?"

मला हसू आलं. मी दाबायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच फुटलं. बाबा माझ्याकडे रागाने बघत होते, आणि मग त्यांच्याही ओठाचा कोपरा हलला.

"गॅलरीतून रोज दिसतं ते," ते म्हणाले. "असं अर्धवट कुणी ठेवतं का?"

"मग चला ना उद्या."

त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली. "लवकर उतरू. ऊन आलं की पत्रा तापतो."

त्या सकाळी मी फोमला हात लावला नाही. मी शेजारी स्टुलावर बसून चहा घेत राहिले आणि बाबांनी त्यांची अर्धी बाजू हळूहळू, घडीपासून लांब राहून, पूर्ण केली. मग त्यांनी बारीक ब्रशने ती राखाडी पट्टी रंगवली. श्वास रोखून, मनगटाला दुसऱ्या हाताचा आधार देऊन. वाळल्यावर परत एक हात. नवा रंग जुन्यापेक्षा किंचित गडद निघाला. जवळून बघणाऱ्याला दिसतो. बाबा मागे सरकून बघत होते.

"दिसतंय," ते म्हणाले.

"दिसतंय," मी म्हटलं.

"असू दे. पत्रा गंजणार नाही आता."

छताचं काम सगळ्यात कठीण गेलं. मधला एक भाग कितीही घासला तरी मंदच राहिला. तिथे रंगच उरला नव्हता, आणि आम्ही वेळेत हात थांबवला. शेवटी मेण लावायचं होतं. ते पातळ लावून, धूसर होऊ देऊन, कोरड्या कापडाने उतरवायचं. मेण उतरवताना गाडीत अख्खी सोसायटी दिसायला लागली, खिडक्या, तारा, पाण्याच्या टाक्या. नर्सबाई खाली आल्या, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "भाई साहब, अब मेरी स्कूटी का नंबर कब आएगा?" बाबांनी गंभीरपणे स्कूटी बघितली आणि तिथल्या तिथे, "इसमें दो सुबह लगेंगी," असा हिशेब सांगितला. खरंच केली त्यांनी ती नंतर.

मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "कुणाची गाडी आहे ही?"

गाडी अर्थातच चालू होईना. मेकॅनिकला बोलावून नवी बॅटरी बसवली, तेल बदललं, चाकांत हवा भरली. आता प्रश्न राहिला चालवायचा. माझ्याकडे लायसन्स होतं, कॉलेजात असताना इंदूरला काढलेलं. त्यानंतर मी गाडी अशी चालवलीच नव्हती. सोसायटीच्या मागच्या नव्या, रिकाम्या रस्त्यावर मी काही सकाळी सराव केला. गाडी बंद पडायची, धक्के खायची. बाबा डाव्या सीटवर दाराची मूठ धरून बसायचे. त्यांनी पहिले एक-दोन दिवस तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी मी वळण फार रुंद घेतलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. "कुत्रा आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "दिसतोय मला," आणि म्हणून झाल्यावर मलाच कसंतरी झालं. बाबा समोर काचेतून बघत होते. त्यांनी फक्त "हं" केलं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी बाबांनी सकाळीच इस्त्रीचा शर्ट घातला. "इंद्रपुरीला जाऊ या," ते म्हणाले.

इंद्रपुरीला आईंची धाकटी बहीण राहते, आम्ही तिला मावशी म्हणतो. तिचे यजमान कारखान्यात होते, तेही आता नाहीत. मुलगी लग्न होऊन लांब गेली. आई गेल्यापासून आम्ही मावशीकडे गेलो नव्हतो. ती सुरुवातीला आमच्याकडे यायची, पण बाबा समोर नुसते बसून राहायचे, तिच्याकडे वर बघायचेही नाहीत. मावशीचा चेहरा आणि आईंचा चेहरा, दोन्ही अगदी एका वळणाचे. हळूहळू तिचं येणं कमी झालं. फोनवर ती मला विचारायची, "भावजी बरे आहेत ना?" मी म्हणायचे, बरे आहेत.

आम्ही होशंगाबाद रोडला लागलो. रविवार सकाळ, गर्दी कमी, तरी बस शेजारून गेली की मी गाडी आपोआप डावीकडे ओढायचे. साकेत नगरकडून वळलो, मग बरखेडा, मग पिपलानी. कारखान्याच्या वसाहतीतले ते रुंद, झाडांचे रस्ते आले तेव्हा माझे खांदे जरा सैल झाले. बाबांनी खिडकीची काच थोडी खाली केली.

मावशीच्या गल्लीत वळलो तेव्हा ती फाटकाशी उभी राहून भाजीवाल्याशी बोलत होती. तिने मान वर केली. लाल गाडी सावकाश तिच्याकडे येत होती. तिच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली आणि दुसरा हात तोंडावर गेला. मला वाटलं, फोन करायला हवा होता. असं अचानक यायला नको होतं.

गाडी थांबते न थांबते तोच बाबा उतरले. ते मावशीसमोर गेले आणि या वेळी त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"घाबरलीस का?" त्यांनी विचारलं.

"मला वाटलं..." मावशी एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने पदराने डोळे पुसले आणि गाडीकडे वळली. "नवी केलीत की काय?"

"आम्ही केली. हिने आणि मी. हातांनी."

मावशीने दारावरून हात फिरवला, बॉनेटवरून फिरवला. टोकाशी तिचं बोट थांबलं. "हे इथे जरा वेगळं दिसतंय."

"ते मी केलं," बाबा म्हणाले. "रंग जास्त घासला गेला, मग भरला. छतावर पण एक भाग राहिलाय, तो बघ, इकडून दिसतो." आणि ते तिला गाडीभोवती फिरवून कुठे काय झालं, काय राहिलं, ते सगळं सांगायला लागले. भाजीवालाही ठेला सोडून ऐकायला आला.

मावशीने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुरीचे ओले दाणे घरात सोललेले होते, तिने सोलेभात केला, वरून फोडणीचं तेल. बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले. जेवताना आईंच्या लहानपणच्या गोष्टी निघाल्या. मावशी सांगत होती, बाबा मधे मधे दुरुस्त करत होते, मावशी चिडत होती. "तुम्ही तेव्हा होतात का तिथे? मी होते!" मी भातावर दही घेतलं आणि ऐकत बसले.

निघायच्या वेळी बाबा म्हणाले, "तू पण चल. चार दिवस राहा आमच्याकडे. संक्रांत तिकडेच कर."

मावशी कुलूप शोधायला लागली तेव्हा मला कळलं की तिने एकदाही नाही म्हटलेलं नाही. पिशवीत साड्या, औषधं आणि तिळाचा डबा भरून ती मागच्या सीटवर बसली. मी गाडी मागे घेत असताना ती आणि बाबा दोघंही एकाच वेळी मागे काय आहे ते सांगायला लागले. मी दोघांनाही गप्प केलं.

बरखेड्याच्या सिग्नलला थांबलो असताना बाबांनी खिशातून फोन काढला. वर्षभरात त्यांनी मुलाला आपणहून फोन केला नव्हता. त्याचाच यायचा, आणि मी त्यांच्या हातात द्यायचे.

"ऐक," ते म्हणाले. "पुढच्या वेळी येशील तेव्हा स्टेशनवर रिक्षा करू नकोस. आम्ही येऊ घ्यायला."

पलीकडून नवऱ्याने काहीतरी विचारलं.

"अरे, गाडीने," बाबा म्हणाले. "थांब, ठेवतो. सिग्नल सुटला."